फुसक्या बाराची कारणमीमांसा

1959 च्या शस्त्र कायद्यात रानडुकराचं नाव कुठेही नाही, पण कलम 13 वाचताना ते झुडपाआड बसलेलं स्पष्ट दिसतं. पीक राखण्यासाठी शेतकऱ्याला तोंडाकडून ठासून भरायच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं हे कलम म्हणतं. लगेच खाली पुस्तीही जोडतं, की ठासणीची बंदूक पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी एखादी बंदूक द्यायलाही हरकत नाही. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्याला ही पुस्ती सुचली कशी? माझं ठाम मत आहे, की तो कधीतरी आमच्या वाशीम जिल्ह्यात, मंगरुळपीर नाहीतर मालेगाव तालुक्यात, जागलीला येऊन गेलेला असणार आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक बार फुस्स झालेला असणार.

आमच्या गावात अशी एक बंदूक आहे. ती ज्यांच्या नावावर आहे त्यांना सगळे आबा म्हणतात. बंदुकीचं वय आबांनाही ठाऊक नाही. परवान्याचं मात्र ठाऊक आहे, कारण नूतनीकरणाची प्रत्येक फेरी त्यांना तोंडपाठ आहे. ती भरणं हा एक विधी आहे. आधी नळीत दारू, तिच्यावर चिंधीचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, ते घरंगळू नयेत म्हणून पुन्हा बोळा, पुन्हा गज, आणि सगळ्यात शेवटी घोड्याखाली टोपी. हे सगळं अंधारात, थंडीत आणि माचणावर बसून. आबांचा विधी पूर्ण होईपर्यंत कळप हरभऱ्याच्या दोन ओळी उकरून तिसरीला लागलेला असतो. डुकरांना घाई नसते. घाई आबांनाच असते.

मागे एकदा हरभऱ्यात एका रात्री आबांनी घोडा पाडला. टोपी तडकली, नळीच्या तोंडून भरपूर धूर निघाला, आणि आवाज एवढाच झाला, की पलीकडच्या वावरातल्या जागल्याने हाक मारून विचारलं, "आबा, खोकला वाढला काय हो?" छर्रे धुऱ्यापर्यंतसुद्धा गेले नाहीत. आबा सांगतात, की त्यातल्या एका डुकराने मान वर केली होती. म्हणजे दखल घेतली. नंतर त्याने ती पुन्हा खाली घातली.

सकाळी एसटीच्या थांब्याजवळच्या टपरीवर चौकशी बसली. आमच्या भागात कशाचीही चौकशी बसायला अध्यक्ष लागत नाही आणि चहाचे पैसे कोण देणार हे ठरेपर्यंत ती उठतही नाही.

"काऊन बा, काल बार फुसकाच गेला म्हनते!"

"दारू ओलावली असन. दुसरं काय?"

हे पहिलं निदान, आणि ते दरवर्षी पहिलं असतं. त्यात तथ्यही आहे. काळ्या दारूत कोळसा, गंधक आणि शोरा असतो, आणि शोरा जरासा अशुद्ध असला की हवेतला दमटपणा ओढून घेतो. आबांचा डबा पावसाळाभर घरात, वर माळ्यावर होता. त्यात कार्तिकातली धुई. धुईने तुरीचा फुलोरा गळतो, हरभरा पिवळा पडतो, म्हाताऱ्यांचे गुडघे धरतात; मग बंदुकीनेच असं काय पुण्य केलं होतं? पण आबांनी हे निदान फेटाळलं. दारू ओली असती तर पेटलीच नसती, ती पेटली आहे, पण तिच्यात जोर नव्हता, असं त्यांचं म्हणणं. मला हा फरक फार आवडला. आमच्या पंचायत समितीतल्या बऱ्याच योजनांना तो लागू पडतो.

मग एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर बोलले. ठासणी सैल झाली, हे त्यांचं मत. "म्या जिंदगीभर चव्वेचाळीस सीटाच्या गाडीत ऐंशी मानसं ठासली. गच्च बसल्याबिगर गाडी जोर धरत नाई." या विषयातला त्यांचा अधिकार कोणी नाकारू शकत नव्हतं. आणि त्यांचं बरोबरही होतं. दारू उघड्यावर पेटवली तर नुसती भसकन जळून जाते. तिला कोंडलं, तरच वायूचा दाब वाढतो आणि पुढचा ऐवज ढकलला जातो. बोळा पुरता खाली बसला नाही, दारू आणि बोळा यांच्यात पोकळी राहिली, तर बार नरम जातो. ते परवडलं, पण कधी कधी त्या पोकळीपायी नळीच फुगते. आबा गजावर खूण करून ठेवतात ती याचसाठी. नीट ठासलं की ती खूण नळीच्या तोंडाशी येते. अंधारात ती दिसत नाही, एवढीच त्या पद्धतीतली अडचण.

तिसरं निदान बोळ्याचं होतं, आणि ते आबांच्या घरातूनच, म्हणजे चहाची किटली घेऊन आलेल्या नातवाकडून आलं. पूर्वी बोळ्याला जुनं धोतर नाहीतर गोणपाट असायचं. आता घरात सुती चिंधी म्हणून मिळत नाही. काल आजीने दिला तो साडीचा तुकडा होता, आणि साडी शंभर टक्के पॉलिस्टर. ती नळीत धरतच नाही, सरकते, वर वितळते. आमचा जिल्हा पिढ्यान् पिढ्या कापूस पिकवतो. कारंजाला कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, आणि बंदुकीत घालायला वीतभर सूत घरात नाही. या मुद्द्यावर चौकशी बराच वेळ कापसाच्या भावाकडे वाहवत गेली. ती परत आणायला दुसरा चहा लागला.

निवृत्त मास्तर होते, त्यांनी बंदूक मागवून घेतली आणि काडी पेटवून तिच्या कानात डोकावून पाहिलं. (बंदूक रिकामी आहे ना, हे आधी तीन जणांनी तीनदा विचारलं.) टोपीची ठिणगी ज्या बारीक भोकातून दारूपर्यंत जाते, तो बंदुकीचा कान. कुंभारीण माशीला हे असलं भोक म्हणजे तयार प्लॉट. पावसाळाभर बंदूक भिंतीला टांगलेली होती, आणि कानाच्या कडेला खरोखर मातीचा लेप होता. कान पूर्ण बुजलेला नव्हता, निम्माच. "घरकुलाचा दुसरा हप्ता आला नसन," कोणीतरी म्हणालं.

कृषी केंद्रवाला सगळ्यात शेवटी बोलला. त्याने एकच प्रश्न विचारला: "दारूची एक्सपायरी पाह्यली व्हती काय?" आणि मग टॉनिक मिसळता येईल का, याचा तो खरोखर विचार करू लागला. त्याच्याकडे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर एक लिटरच्या बाटलीत असतं. अर्धा लिटरचीही असते, पण ती तो आधी दाखवत नाही.

बार का नरम गेला, या प्रश्नापायी जगात फार हुशार माणसं रात्र रात्र जागतात, हे आमच्या टपरीला ठाऊक नव्हतं. अमेरिकेत रिव्हॉल्वरची काडतुसं घरी भरण्याचा छंद आहे. लोक जेवणाच्या टेबलावर तराजू मांडून दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या जेमतेम निम्मा. मग ते गोळी झाडून यंत्रावर तिचा वेग मोजतात आणि सेकंदाला अपेक्षेपेक्षा पन्नास फूट कमी भरला की शोधाला लागतात. त्यांची कारणं ऐकावी, तर आमच्या टपरीचीच वाटतात, फक्त इस्त्री केलेली. काडतुसाची कडा गोळीवर नीट आवळली नसेल. दारू जुनी असेल. थंडी असेल. नळी आखूड असेल. शिवाय काही काडतुसं काळ्या दारूच्या जमान्यात जन्मली, म्हणून ऐसपैस लांब आहेत. आताची दारू त्यात तळाशी थोडीशीच बसते आणि आत लोळत राहते. रिव्हॉल्वर खाली झुकवून मग नेम धरला तर ती पुढे सरकते, वर करून धरला तर मागे, आणि तेवढ्यानेही वेगात फरक पडतो. काडतूस एक, तराजू एक, आणि वेग दोन.

रिव्हॉल्वरची आणखी एक जन्मजात खोड आहे. काडतुसांचं फिरतं चाक आणि नळी हे दोन वेगळे भाग. चाक फिरायला हवं, म्हणून त्यांच्यामध्ये बारीकशी फट ठेवावीच लागते, आणि गोळी त्या फटीवरून पुढे गेली की मागचा वायू तिथून थोडा निसटतो. हरभऱ्यात स्प्रिंकलर लावणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. जोडाचं रबर कातरलं की मोटर कितीही जोरात चालो, शेवटची तोटी नुसती थुंकते.

या सगळ्या खटपटीत अमेरिकन छंदिष्टांना एक भीती असते, आणि ती खरी आहे. बार इतका नरम गेला, की गोळी नळीतून बाहेर पडलीच नाही, मधेच अडकून बसली, आणि हे न पाहता दुसरा बार काढला, तर नळी फाटते. म्हणून आवाज वेगळा आला की थांबायचं, रिकामं करायचं, नळीतून आरपार पाहायचं. दुसरी भीती उलटी: वेग कमी म्हणून दारू वाढवत न्यायची. आबांनी टपरीवर नेमका हाच सल्ला ऐकून घेतला नाही. "थोडी जास्त घाला ना बावा!" असं चौघे म्हणाले, तेव्हा त्यांनी आपली दाही बोटं चहाच्या टेबलावर पसरून ठेवली आणि ती चौघांना मोजायला लावली.

आपल्याकडे हा छंद घरोघरी फुलण्याची भीती नाही. ज्याच्याकडे रिव्हॉल्वरचा परवाना आहे तो तयार काडतुसं विकत घेतो, ती पुण्याजवळ खडकीच्या सरकारी कारखान्यात बनतात, आणि तो कारखाना 1869 पासून उभा आहे. परवान्याशिवाय घरी काडतुसं बनवत बसलात, तर गोळीचा वेग का कमी, हा तपास होत नाही, तुमचाच होतो. ठासणीच्या बंदुकीला मात्र गत्यंतरच नाही. ती प्रत्येक वेळी हातानेच भरावी लागते, म्हणून प्रत्येक वेळी तिची चूक आपली असते.

त्यात एक गंमत आहे. बत्तीस बोअरच्या आपल्याकडच्या रिव्हॉल्वरची गोळी सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर जाते. आवाज जातो साधारण तीनशे चाळीस. म्हणजे सगळं सुरळीत असलं, दारू कोरडी, काडतूस खडकीचं, फट काटेकोर, तरी आवाज आधी पोहोचतो आणि गोळी मागून. मग आबांच्या त्या रात्रीच्या छर्‍यांचं काय सांगावं? डुकराला आधी सूचना मिळाली, मग धूर दिसला, आणि ऐवज आलाच नाही.

मास्तरांना मात्र आकडा हवा होता. इंग्लंडात बेंजामिन रॉबिन्स नावाच्या गणितज्ञाने 1742 मध्येच यावर तोड काढली होती, हे त्यांनी टपरीला सांगितलं. लाकडाचा जड ठोकळा टांगायचा, त्यात गोळी मारायची, ठोकळा किती मागे झुलला ते मोजायचं, की वेग निघतो. ठोकळ्यासाठी बाभळीचं खोड ठरलं, टांगायला कडुनिंबाची फांदी ठरली, दोरही आला. फक्त आबा उठले नाहीत.

"पर्वाना डुकरासाठी हाय," ते म्हणाले. "खोडासाठी नाई."

तेव्हा मास्तरांनी डुकरांनाच यंत्र केलं. बार झाला की कळप किती लांब गेला, एवढंच ते जागलीवरच्या लोकांना विचारून वहीत लिहू लागले. आणि मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात अक्कल वापरून झालेलं काम एवढंच. कुंभारणीचं घर काढून, दारू उन्हात न ठेवता सावलीत सुकवून, जुनं धोतर शोधून आबांनी पुढे जे बार काढले ते दणदणीत होते, शेजारचा जागल्याही साक्षीला होता. पहिल्या बाराला कळप नाल्यापलीकडे गेला. पुढच्याला बाभळीपर्यंत. त्याच्या पुढच्याला धुऱ्यावर जाऊन उभा राहिला. मग एका रात्री चार ओळी बाजूला सरकला, तेही आबांना नीट दिसावं म्हणून असेल. वेग बंदुकीचा कमी झालाच नव्हता. कमी झाला होता तो डुकरांचा.

जनावर सरावतं. ही गोष्ट वन्यप्राण्यांचे अभ्यासक सांगतात आणि आमच्या वावरांमध्ये ती रोज रात्री सिद्ध होते. नुसता धाक दाखवला आणि त्यामागून काहीच झालं नाही, की काही दिवसांत तो धाक वातावरणाचा भाग होऊन जातो. आम्ही धुऱ्यावर साड्या बांधल्या. लग्नांत आहेर म्हणून आलेल्या, कोणी नेसणार नाही आणि कोणाला देताही येणार नाही अशा साड्यांचं अखेर सार्थक झालं. पहिला आठवडा रोही (म्हणजे नीलगायी) लांब उभे राहून पाहत राहिले. दुसऱ्या आठवड्यात मोरपंखी साडीखालून वाकून आत आले. न्हाव्याच्या दुकानातले केस टाकून झाले. डुक्कर नाकाने जमीन हुंगतं, केस नाकात गेले की पळतं, असा सिद्धांत. आठवडी बाजारातून बॅटरीवरचा भोंगा आणला. त्यात कुण्या परमुलखातल्या माणसाचा "हाऽऽड, हाऽऽड" असा आवाज रात्रभर चालतो. तो माणूस दगड मारत नाही, हे डुकरांना फार लवकर कळलं. झोप उडाली ती आमचीच. गोफण अजून चालते, कारण गोफणीचा गुंडा खरोखर येऊन लागतो. सेकंदाला तीसेक मीटरच वेग, पण त्यात शब्द पाळलेला असतो. आणि पाइपातली ती कार्बाइडची तोफ कोणी आणली तर सरळ परत करावी. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात असल्या तोफांनी मुलांच्या डोळ्यांचं जे केलं, त्यानंतर त्यावर विनोद सुचत नाही.

जिल्ह्यात बंदुकीच्या धाकाबाहेर असलेलेही प्राणी आहेत. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यातलं काळवीट बाहेर वावरात आलं, तर त्याला शिवी देतानासुद्धा माणूस आधी इकडेतिकडे पाहतो. रोही आणि डुक्कर यांच्या बाबतीत सरकारने 2015 मध्ये वाट थोडी मोकळी केली. पिकाचं नुकसान होत असेल तर वनक्षेत्रपालाकडे अर्ज करायचा, परवानगी मिळाली तर पारध. पण अर्ज दिवसा करावा लागतो आणि डुक्कर रात्री येतं. सरकारांचं हे जुनंच आहे. वाशीमला 1939 मध्ये वाकाटकांचा एक ताम्रपट सापडला, दुसऱ्या विंध्यशक्तीचा, चौथ्या शतकातला. त्यात एक गाव दान दिलं आहे आणि त्या गावाला सवलतींची लांबलचक यादी बहाल केली आहे. राजाचे शिपाई गावात शिरणार नाहीत, असंही त्यात आहे. डुकरं शिरणार नाहीत असं तांब्यावर कोरून द्यायची हिंमत मात्र विंध्यशक्तीलाही झाली नाही.

बंदूक घरात असण्याची हमीही नसते. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. 2024 मध्ये लोकसभेचं मतदान इकडे 26 एप्रिलला झालं. त्याला हरकत नव्हती, वावरं मोकळी होती. पण विधानसभेचं 20 नोव्हेंबरला आलं. हरभरा नुकताच उगवलेला, तुरीला शेंगा धरत होत्या, आणि गावातली एकमेव बंदूक ठाण्यातल्या खोलीत पावतीसह विसावलेली. आचारसंहिता सगळ्या पक्षांना लागू होती. डुकरांनी मात्र घरोघरी, म्हणजे वावरोवावरी, प्रचार चालू ठेवला. निकालानंतर बंदूक परत आली आणि पुढचा बार पुन्हा जरा नरम गेला, तेव्हा टपरीवर नवं निदान तयारच होतं: ठाण्याच्या खोलीत ओल आहे.

"मंग आता काय करावं?" आबांनी विचारलं. त्यांचा आवाज खरोखर थकलेला होता.

कृषी केंद्रवाल्याने पिशवीतून तीन बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. तिन्हींचा वास वेगळा, आणि तिन्हींचा वाईट. एकीचा वास चार दिवस, मग दुसरीचा, मग तिसरीचा. जनावराला सवय लागायच्या आत वास बदलायचा, असं त्याने समजावलं. मास्तरांनी वहीतून जे काढलं होतं, ते याने वही न ठेवता काढलं होतं, आणि शिवाय त्यावर कमिशन लावलं होतं. पैसे हरभरा निघाल्यावर दिले तरी चालतील, असंही म्हणाला.

"अन् बंदुकीचं?"

"थे राहू द्या ना आबा," तो बाटल्यांची टोपणं घट्ट करत म्हणाला, "चौथ्या पाळीले."